दारू न पिणारा बाप

पर्यटक यायचे बंद झाले तेव्हा आमच्या घरात दगडांची पोती होती आणि पीठ नव्हतं. हे काही मी लेखकाचं बोलणं म्हणून लिहीत नाही, खरंच दगड होते. माझे बाबा फर्दापूरला, अजिंठ्याच्या लेण्यांसाठी आलेल्या गाड्या जिथं थांबतात तिथं, गारगोट्या विकायचे. वरून मातकट दिसणारे, फोडले की आत पांढरे-जांभळे खडे चमकणारे गोटे. विहिरी खोदणाऱ्यांकडून ते माल घ्यायचे, ब्रशानं घासायचे आणि परदेशी माणसाच्या नाकापुढं धरायचे. लॉकडाऊन लागला आणि रस्ता इतका मोकळा झाला की कुत्री मधोमध झोपायला लागली.

आम्हाला रान नाही. कधीच नव्हतं. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, पुढं कापूस वेचायला. ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, वर मिरचीचा ठेचा. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. धाकट्या भावाला कण्यांचा वास आला तरी तो घराबाहेर पळायचा. शेजारचा एक जण दारावरून जाताना मुद्दाम थांबून विचारायचा, "काय मग, दगडं उकडून खाताव का आता?"

बाबा बसल्या जागेवरून म्हणायचे, "उकडली असती, पण परदेशी माल हाय गड्या. आपलं मीठ लागत नाय त्याला."

तो हसत पुढं जायचा. बाबाही हसायचे. मग आत येऊन पोत्यांकडं बघत बसायचे. तेव्हा हसत नसत.

माझी बारावी नुकतीच झाली होती. शेवटी एका चुलत्यानं चिकलठाण्याला वॉचमनचं काम आहे म्हणून निरोप दिला, आणि आम्ही पत्र्याच्या एका खोलीत राहायला आलो. बाबांनी येताना सगळ्यांत चांगल्या गोट्यांचं एक पोतं टेम्पोत टाकलं. माय म्हणाली, "गॅसची शेगडी ऱ्हायली खाली आन् दगडं चढली वर. वा रे संसार!" ती शेगडी मी पळत जाऊन आणली.

शहरात आल्यावर मी काय काय केलं ते सांगते, कारण लोक ते ऐकून तोंड वाकडं करतात. प्लास्टिकची झाकणं पॅक केली. गुलमंडीत साड्यांच्या दुकानात उभी राहिले, दिवसभर घड्या मोडायच्या आणि घालायच्या. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्यांचे प्रोजेक्ट टाइप केले. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात आठवी-नववीच्या मुलींचा अभ्यास घेतला, अजूनही घेते. आणि हे सगळं करता करता मराठी घेऊन बीए झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. निकालाच्या दिवशी बाबांनी कंपनीच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला थांबवून सांगितलं. एकानं विचारलं, "बीए होके क्या करेगी?" बाबा म्हणाले, "वो उसका टेन्शन है. मेरा काम गेट खोलना."

एक मावशी मला अजून म्हणते, "एका जागी टिकली नाय तू." मी तिला म्हणते, मावशी, टिकायला ती जागा माझी होती का? साडीच्या दुकानात मी बायका बोलताना ऐकल्या. झाकणांच्या कंपनीत मुलींनी एकमेकींना मारलेले टोमणे ऐकले. दुसऱ्याच्या पैशानं मी बोलणं शिकले. कादंबरी लिहायला आणखी काय लागतं?

कादंबरीचं खूळ विहारातल्या मुलींमुळं डोक्यात शिरलं. मी एका ओळखीच्या बाईंकडून त्यांच्यासाठी पुस्तकं मागून आणायची. एका पुस्तकातली मुलं सुट्टीत काकांच्या बंगल्यावर जाऊन चोर पकडतात. दुसऱ्यात एका गरीब मुलाला रस्त्यात पाकीट सापडतं आणि तो ते प्रामाणिकपणे परत करतो. आठवीतली एक पोरगी, लई आगाऊ, पुस्तक मिटून म्हणाली, "ताई, आपल्यासारखं पोरगं पुस्तकात आलं की त्याला पाकीटच कसं सापडतं हो? मी रोज खाली बघत चालते. मला तर एकदा बी नाय सापडलं."

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "सापडलं तर तू वापस करशील व्हय?"

"आधी सापडू तर दे!"

त्या आठवड्यात मी लिहायला बसले. तेरा वर्षांची मुलगी. फर्दापूरला बापाबरोबर गारगोट्या विकते. चार देशांच्या भाषांत "बघा तर" म्हणते. पण लेण्यांच्या आत ती कधी गेलेली नाही, कारण वर जायचं ते माल घेऊन, आणि माल घेऊन आत कुणी सोडत नाही. तिला एकदा रिकाम्या हातानं जायचंय. तिकीट काढून, पाहुण्यासारखं. आत मांडी घालून बसायचंय, कुणी ऊठ म्हणेपर्यंत. एवढीच गोष्ट. आणि तिचा बाप म्हणजे माझा बाप, जसाच्या तसा. थापाड्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार की हा गोटा आमच्या आज्याच्या विहिरीतला, खणताना हाती लागला. आज्याला विहीर सोडा, रांजणसुद्धा धड नव्हता.

माझे बाबा दारू पीत नाहीत. त्यामागं काही कहाणी नाही. कुणाची शपथ घेतली नाही, कुणी मरताना वचन मागितलं नाही. त्यांना तो वास आवडत नाही, संपलं. आमच्या वस्तीत पिणारे आहेत. चांगल्या कॉलन्यांतही आहेत, तिथं बाटली काचेच्या कपाटात ठेवतात एवढाच फरक.

कादंबरी पुरी झाल्यावर मी शहरातल्या एका प्रकाशकाकडं दिली. बऱ्याच दिवसांनी बोलावणं आलं. टेबलाच्या पलीकडं साहेब, बाजूला संपादन करणाऱ्या मॅडम.

"लिहिता छान," मॅडम म्हणाल्या. "कुमार वयाच्या मुलांसाठी असं कुणी लिहीत नाही. ती मुलगी अगदी समोर उभी राहते. पण बाप जरा हलका झालाय."

"हलका म्हंजे?"

"सारखा विनोद करतो. बायकोवर ओरडत नाही, मुलीवर हात उचलत नाही. मग मुलीचा संघर्ष कुणाशी?"

"पोटाशी," मी म्हणाले. "आणि तिकिटाशी."

साहेब हसले. वाईट माणूस नाही तो, हे आधीच सांगते. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, वाचकाला पटायला पाहिजे ना. अशा घरात एवढा गुणी बाप? थोडा पिणारा दाखवा. मुलगी साठवते, बाप उडवतो. गोष्ट उभी राहते बघा."

"अशा घरात म्हंजे कशा घरात?"

त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "चहा घ्या," म्हणाले.

मॅडमनी बाजू सावरली. "नाहीतर तिसऱ्या प्रकरणात तो वारला तरी चालेल. मुलीवर जबाबदारी येते."

"म्हंजे बापानं एक तर प्यावं, नाहीतर मरावं. जगायची सोय नाहीच का?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता," साहेब म्हणाले. "पात्र आहे ते. नीट विचार करा आणि बदल करून आणा. मग बघू."

मी चहा प्यायले. चांगला होता, उगीच खोटं कशाला बोलू. मग बाड उचललं आणि जालना रोडला येऊन रिक्षात बसले. अंगात नुसती आग. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "इंटरव्ह्यूला गेलती का गं?" मी म्हणाले, "व्हय. बापाच्या."

घरी बाबा ड्युटीवरून आलेले होते. माय खाणावळीच्या चपात्या लाटत होती, कंपनीतल्या पोरांचे डबे जायचे होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, बाबा चिडतील. ते शर्टाची बटणं काढत म्हणाले, "मग कर की दारुडा."

"काय?"

"माझं काय जातंय? पुस्तकातच प्यायची ना? फुकटची. फक्त देशी नको पाजू, जरा बरी पाज."

मी हसले नाही. तेही हसत नव्हते. शर्ट खिळ्याला अडकवून ते हळू म्हणाले, "तुझं नाव छापून येत असंल तर मी पेताड झालो तरी चालतंय, पोरी. आपल्याला कोन वळखतंय त्या पुस्तकात?"

बोलणं तिथंच संपलं असतं. पण मायनं लाटणं खाली ठेवलं.

"आन् मी?" ती म्हणाली. "पेताडाची बायको व्हायचं का, हे मला इचारलं का कुनी? त्या पुस्तकात मी बी हाय ना? ह्या माणसाच्या थापा ऐकत जिंदगी काढली मी. ते काय शेवटी पुस्तकात मार खायला?"

"अगं, गोष्ट असती ती," बाबा म्हणाले.

"गोष्ट असंल तर त्या साहेबाच्या बापाला पाजा म्हणावं."

तोपर्यंत मला वाटत होतं, हा माझ्या आणि त्या साहेबांच्या मधला वाद आहे. तसं नव्हतं. मी एक बाटली लिहिली असती तर या खोलीतल्या सगळ्यांच्याच आयुष्यात ती आली असती. विहारातल्या पोरींच्या घरातही. त्यांनी वाचलं असतं आणि मान डोलावली असती, की असंच असतं आपल्याकडं. नसतानाही. मी बाबांना सांगून टाकलं, "तुम्ही प्यालात तर मी पुस्तक फाडून टाकीन."

"बरं बाई, सोडली," बाबा म्हणाले. मग मायकडं बघत, "सुरू करायच्या आधीच सुटली. अशी दारू कुनाची सुटली असंल का?"

मायनं परत लाटणं घेतलं. हसू लपवायला तिला तेवढंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "त्यानं सरळ नाय म्हणलं का?"

"नाही. बदलून आणा म्हणाला."

"मग ते वर जातानाचं नाय हाय."

फर्दापूरला धंदा करणाऱ्याला हे समजतं, बाकीच्यांना सांगावं लागतं. पाहुणा लेण्यांकडं निघतो तेव्हा त्याला काहीच घ्यायचं नसतं. त्याचं ध्यान वर असतं. तेव्हा मागं लागलात की तो चिडतो. म्हणून वर जाताना विकायचं नाही. एक लहानसा खडा त्याच्या तळहातावर ठेवायचा, फुकट, आणि म्हणायचं, "प्रेझेंट. येताना माझं दुकान बघा." तो खिशात टाकून जातो. दुपारी उन्हानं भाजून, पाय मोडून खाली येतो, खिशात हात घालतो, आणि खडा हाताला लागतो. सगळे येत नाहीत. पण जे येतात ते दुकान शोधत येतात.

"तू वर जाणाऱ्याला पोतं दाखवलं," बाबा म्हणाले. "खडा दे."

"साहेबाला?"

"साहेबाला कशाला? वाचणार कोन हाय? पोरं ना?"

मी पहिलं प्रकरण घेऊन माझ्या जुन्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाई म्हणायचो, चष्मा वर करून म्हणाले, "क्या बेटा, किताब छप गई?"

"नहीं भाई. अभी टाइम है."

"तो ये क्या है?"

"सँपल."

"किताब का सँपल? कपडे का देखा, मिठाई का देखा." मग त्यांनी कोपऱ्यातला एका बाजूनं छापलेला रद्दी कागदाचा गठ्ठा दाखवला. "इसके पीछे मारो. कोरा कागज नहीं दूँगा, दुआ देता हूँ."

त्यामुळं झालं असं, की माझ्या पहिल्या प्रकरणाच्या पाठीमागं कुणा इंजिनीअरिंगच्या मुलाचा पाण्याच्या पंपावरचा प्रोजेक्ट होता. विहारातल्या त्या आगाऊ पोरीनं दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "ताई, हा पंप पुढं येतो का गोष्टीत?"

खाली मी एवढंच छापलं होतं: पुढची गोष्ट हवी असेल तर पुस्तक मागा. आणि पुस्तकाचं नाव.

शाळा सुटायच्या वेळी मी गेटबाहेर उभी राहायला लागले. चिकलठाण्यात, मग मुकुंदवाडीकडच्या शाळांत. सुरुवात वाईट झाली. पालकांना वाटलं, कोचिंग क्लासची जाहिरात. एका गृहस्थानं कागद न बघताच परत दिला, "आम्ही लावलाय क्लास." पोरांनी विमानं केली. माझं पहिलं प्रकरण डोळ्यांदेखत शाळेच्या कंपाउंडवरून उडालं. एका शाळेच्या सरांनी सांगितलं, इथं उभं राहायचं नाही. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. रस्ता शाळेचा नव्हता.

बाबांची सुट्टी असली की तेही यायचे, आणि मग धंदा बघावा. पोरांच्या हातात कागद ठेवून म्हणायचे, "नो बाय, ओन्ली लूक! आमच्या आज्याच्या विहिरीतली गोष्ट हाय, खणताना हाती लागली!" मी म्हणायची, बाबा, गप बसा. पोरं मात्र थांबायची. माझ्या हातून घेतलेल्या कागदाचं विमान व्हायचं, त्यांच्या हातचा कागद दप्तरात जायचा. याचं मला थोडं वाईट वाटलं हे खरंय. मग मीही ओरडायला शिकले.

काही दिवसांनी मी चालले होते तर मागून आवाज आला, "ती बघ, गारगोटीवाली मॅडम!" सातवी-आठवीची टोळी. "मॅडम, ती वर जाती का? तिकीट भेटतं का तिला?"

"पुस्तक मागा," मी म्हणाले.

"कुठं मागायचं?"

"जिथं पुस्तकं विकतात तिथं."

"बाप भारी हाय तिचा," त्यातला एक म्हणाला. "आमचा बाप बी असाच फेकतो." बाकीच्यांनी त्याला धपाटे घातले आणि सगळे "नो बाय, ओन्ली लूक" करत पळाले.

पुढं जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. प्रकाशक लोक शाळांमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लावतात, दोन टेबलं, वर रंगीत पुस्तकं. त्याच प्रकाशकाच्या माणसानं मुकुंदवाडीच्या एका शाळेत टेबल मांडलं, आणि मुलं येऊन विचारायला लागली, गारगोटीवाल्या पोरीचं पुस्तक कुठंय. असं पुस्तक नाही म्हणाला, तर एकीनं दप्तरातून चुरगळलेला कागद काढून दाखवला. पंपासकट. त्यानं ऑफिसला फोन लावला. दुसऱ्या शाळेतही तेच घडलं, तेव्हा मॅडमचा मला फोन आला.

"तुम्ही ही कादंबरी दुसऱ्या कुणाला दिलीत का?"

"नाही."

"मग मुलं मागतात कशी?"

"वर जाताना खडा दिला होता," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही, पण त्यांनी भेटायला बोलावलं.

या वेळी साहेबांनी आधी चहा मागवला. "मुलं मागतायत तर काढू आपण," ते म्हणाले. "बाप मरायला नको, मान्य. रोज पिणाराही नको. फक्त एखाद्या शिमग्याला, एखाद्या पोळ्याला थोडी घेऊ द्या. एकच परिच्छेद. नाहीतर लोक म्हणतील, गरिबीचं गुलाबी चित्र काढलं."

"म्हणू द्या. कण्या मी खाल्ल्यात. त्यांचा रंग मला माहीत आहे."

"एका परिच्छेदासाठी तुम्ही पुस्तक अडवणार?"

"साहेब, मी कुठं अडवतेय? तो परिच्छेद मी लिहिलेलाच नाही. तुम्हाला हवाय, म्हणून अडलंय."

मी बाड पिशवीत घातलं आणि उठले. बाबांचा धंदा असता तर त्यांनी याला भाव वाढवून घ्यायची रीत म्हटलं असतं. तसं नव्हतं. मी खरंच निघाले होते. शहरात दुसरा कोण प्रकाशक माझं पुस्तक काढणार होता, मला माहीत नव्हतं. तरी पाय दाराकडंच जात होते. मला आयुष्यात फुकट असं काही मिळालं नाही, एक चांगला बाप तेवढा मिळाला. तोही असा लोकांच्या चवीसाठी वाटून टाकायचा का?

"बसा हो," मॅडम म्हणाल्या. मग साहेबांकडं वळल्या. "सर, मुलं त्या बापासाठीच पुस्तक मागतायत. मी दोन शाळांत स्वतः जाऊन आले. त्याला बिघडवला तर काय विकणार आपण?"

साहेबांनी हात वर केले. "राहू द्या तुमचा बाप तसाच."

"तसाच म्हंजे कसा?"

"अहो, तुम्ही लिहिलाय तसा!"

मी बसले. चहा गार झाला होता, तो प्यायले.

कादंबरी छापून आली. वर माझं नाव आहे. आमच्या घराण्यातलं ते पहिलं पुस्तक. त्यातला बाप शेवटच्या पानापर्यंत जिवंत आहे, आणि कुठल्याही पानावर तो दारूचा एक थेंबही पीत नाही.